घरफोडीनंतर दार-खिडकी त्याच दिवशी पक्की बंद करण्याची पद्धत

फुटलेले दार किंवा उचकटलेली खिडकी रात्रीपर्यंत तशीच ठेवू नये, हे कुणाला सांगावे लागत नाही. अडचण पुढे असते. सुतार दोन दिवसांनी येतो म्हणतो, नवी चौकट व्हायला आठवडा-पंधरवडा लागतो, ग्रिलवाल्याकडे आधीचीच कामे पडलेली असतात. मग एक जुना पत्रा आणि चार खिळे यांवर भागवले जाते. तो पत्रा हाताने ओढला तरी निघतो, आणि घरात काय उरले आहे हे चोरट्यांनी पाहिलेले असते.

आपल्या बेळगाव भागात हे काम सगळीकडे एकसारखे होत नाही, कारण भिंती एकसारख्या नाहीत. शहापूर-वडगावची जुनी मातीच्या भिंतींची घरे, खानापूर तालुक्यातली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) कौलारू घरे, टिळकवाडीतले फ्लॅट, चिकोडी-रायबागकडची मळ्यातली घरे, निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी, प्रत्येक ठिकाणी पकड वेगळी बसवावी लागते. आणि सगळा प्रश्न पकडीचा आहे. १२ मिलिमीटरचा चांगला प्लाय पहारीने सहजासहजी फुटत नाही. तो ज्या स्क्रूने, खिळ्याने किंवा भिंतीतल्या प्लगने धरला आहे, ती जागा सुटते. म्हणून खाली प्लायपेक्षा बोल्टवर जास्त लिहिले आहे.

पंचनाम्याआधी

दार उघडे दिसले की आत जाऊ नका. चोर आत असू शकतो, आणि नसला तरी तुमचे हात-पाय ठशांवर पडतात. ११२ ला फोन करा. पोलीस येईपर्यंत तुटलेले कुलूप, कोयंडा, कापलेला गज, काचेचे तुकडे यांतले काहीही उचलू नका. दाराची मूठ, कपाटाचे हँडल आणि खिडकीच्या काचेची आतली बाजू या ठसे मिळण्याच्या जागा असतात. घरच्यांनी नेमके तिथेच हात लावू नयेत.

पाऊस असेल तर मात्र वाट पाहून चालत नाही, पाणी ठसेही धुते आणि सामानही. अशा वेळी ताडपत्री बाहेरून, चौकटीला न टेकवता, वरच्या पागोळीपासून किंवा छज्ज्यापासून लोंबती सोडावी. खाली दोन विटा बांधून वजन द्यावे. चौकटीवर खिळा मारू नये.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ मधल्या चार गोष्टी या कामात उपयोगी पडतात. तोंडी दिलेली तक्रार पोलिसांनी लिहून घेऊन तक्रारदाराला वाचून दाखवायची असते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला याची अडचण न सांगता तक्रार घ्यायची असते. आणि ऑनलाइन कळवले तर तीन दिवसांत सही करावी लागते. घर बेळगावला आणि माणसे पुण्या-मुंबईला, अशी कुटुंबे इथे गल्लोगल्ली आहेत. त्यांना शेवटच्या दोन गोष्टींचा खरा आधार. तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाईल. सही करण्याआधी ती वाचून, समजावून घ्या. विशेषतः आत शिरण्याची जागा आणि मोडतोड नीट लिहिली आहे ना, हे पाहा. ‘दार उघडे होते’ आणि ‘कोयंडा उचकटून दार उघडले’ यांत विम्याच्या दृष्टीने फार फरक आहे, कारण घरफोडीच्या विम्यात जबरदस्तीने शिरल्याची खूण पाहिली जाते.

पंचनामा झाला की (इथल्या कागदांवर ‘महजर’ लिहिलेले दिसेल) दुरुस्ती सुरू करायला हरकत नाही ना, हे अधिकाऱ्याला स्पष्ट विचारा. ठसेवाले यायचे असतील तर तेवढी जागा सोडून बाकीचे काम उरकता येते. फळी ठोकण्याआधी प्रत्येक जागेचे तीन फोटो काढा: लांबून, जवळून, आणि मोजपट्टी धरून. जुने कुलूप, कोयंडा, वाकलेला गज पोलिसांनी नेला नाही तर गोणीत घालून ठेवा, विम्याचा सर्व्हेअर तेच मागतो. भाड्याचे घर असेल तर मालकाला आधी कळवा, भिंतीला भोके पाडायची आहेत.

फुटले त्याशिवायचे पाहा

सगळ्यांचे लक्ष फुटलेल्या जागेवर असते. पण चोरटा आतून मागच्या परड्याच्या दाराची कडी काढून ठेवून जातो, न्हाणीघराच्या झडपेचा बोल्ट सैल करतो, माळ्यावरची दोन कौले सरकवलेली असतात. घराला एक पूर्ण फेरी मारा, आतून आणि बाहेरून. प्रत्येक कडी हाताने ओढून पाहा, नुसती नजरेने नको. किल्ल्यांचा जुडगा जाग्यावर आहे का? नसेल तर त्या किल्ल्यांची सगळी कुलपे आजच बदलायची, गाडीची आणि दुकानाची धरून. गॅसचा वास येतो का, वायर कापली आहे का, हेही याच फेरीत. वायर कापलेली दिसली तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.

काच फुटली असेल तर कातडी हातमोजे आणि जाड तळाचे पायताण. साध्या काचेच्या सुऱ्या चौकटीच्या खाचेत अडकून राहतात. त्या वरून खाली या क्रमाने काढाव्या, नाहीतर वरचा तुकडा मनगटावर येतो. टफन काचेचे बारीक खडे होतात, ते सोप्यापासून माजघरापर्यंत उडालेले असतात. झाडून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसून घ्या. काच खोक्यात घालून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. तसेच घंटागाडीत टाकले तर कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात.

सामान

प्लाय ८ बाय ४ फुटांचा, म्हणजे साधारण २४४ बाय १२२ सेंटिमीटर. खिडकीला १२ मिमी, दाराला १८ मिमी. १२ मिमीच्या पाटाचे वजन वीस-पंचवीस किलो आणि १८ मिमीचे तीस-पस्तीसच्या आसपास भरते, म्हणून हे दोन माणसांचे काम आहे. बीडब्ल्यूआर (उकळते पाणीही सोसणारा) ग्रेड घ्या. कमर्शियल म्हणून मिळणारा एमआर ग्रेड उन्हाळ्यात चालून जातो, पण जून ते सप्टेंबरमध्ये त्याचे पापुद्रे सुटतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतो आणि स्क्रू धरत नाही, तो नकोच. ओळखीच्या सेंट्रिंगवाल्याकडे वापरलेला शटरिंग प्लाय मिळाला तर उत्तम. दिसायला वाईट, पण ओल सोसतो.

नेहमीची ३ बाय ४ फुटी खिडकी, भक्कम लाकडी चौकटीची, गज कापून नेलेले, असे धरले तर लागते ते असे:

– १२ मिमी प्लायचा एक तुकडा, बाहेरच्या कोनाड्याच्या मापापेक्षा ६ ते ८ मिमी लहान
– ३ बाय २ इंची वाशाचे दोन तुकडे, प्रत्येकी ४ फूट
– एम१० चे (१० मिमी जाडीचे) गोल डोक्याचे कॅरेज बोल्ट, ४ नग, २०० मिमी लांब
– ४० मिमीचे मोठे वॉशर ४, नट ८ (प्रत्येकी दोन)
– ऑइल प्रायमर पाव लिटर, सिलिकॉनची एक नळी

ड्रिलला १० किंवा १०.५ मिमीचे लाकडाचे लांब बिट हवे. मळ्यात तीन फेजच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि चोरट्यांनी वायर कापली असेल तर घरातही वीज नसते. बॅटरीचे ड्रिल आधी चार्ज करून न्या.

खिडकीचे गज शाबूत असतील तर

बऱ्याच वेळा फक्त काच फुटलेली असते किंवा झडप मोडलेली असते, आणि गज जागेवर असतात. हे सगळ्यात सोपे. लाकडी खिडकीत झडपा बाहेर उघडतात आणि गज त्यांच्या आत असतात. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत ग्रिल बाहेर आणि काच आत. दोन्हीकडे प्लाय आतूनच, गजाला टेकवून लावायचा. सरकत्या खिडकीची फुटलेली काच चौकटीसह वर उचलून खालची बाजू आत ओढली की निघते.

प्लाय गजाला यू-बोल्टने बांधा. यू-बोल्टची वळलेली बाजू बाहेरून गजाला मिठी मारते आणि दोन्ही पाय प्लायमधून आत येतात. आत २५ बाय ५ मिमीची लोखंडी पट्टी, वॉशर, नट. बाहेरून पाना लावायला काहीच नाही. ३ बाय ४ च्या खिडकीला सहा पुरतात: चार कोपऱ्यांजवळ, दोन मध्ये. दुकानात पाइपसाठी मिळणाऱ्या यू-बोल्टचे पाय बहुधा आखूड असतात. गज, प्लाय, पट्टी आणि नट यांतून जायला ६० मिमी तरी पाय लागतो. मापाचे हवे असतील तर उद्यमबाग-मच्छेकडचा कुठलाही फॅब्रिकेटर ८ मिमी सळी वाकवून, चुड्या पाडून देतो.

आधी गज हलवून पाहा. लाकडी चौकटीत नुसते भोकात बसवलेले गज चौकट पसरवली की सुटतात, आणि चोरटे तसेच करतात. गज हलत असतील तर हा उपाय नको, पुढचा घ्या.

गज गेले असतील तर

प्लाय बाहेर, दोन आडवे वासे आत, आणि दोहोंना घट्ट धरणारे चार बोल्ट. असे बंद केलेली खिडकी बाहेरून ओढली तर वासे भिंतीला आतून टेकतात, ढकलली तर प्लाय चौकटीला टेकतो. भिंतीत एकही स्क्रू नसतो. चिऱ्याच्या आणि मातीच्या घरांना म्हणूनच ही पद्धत चालते.

पहिले काम माप. चौकटीबाहेरच्या कोनाड्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजा, उंची डावीकडे आणि उजवीकडे. जुन्या घरात या मापांत दोन सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. सगळ्यात लहान माप धरा. तिरपे मापही घ्या, कर्ण सारखे नसतील तर पुठ्ठ्याचा फर्मा कापून त्यावरून प्लाय कापणे शहाणपणाचे. मोडलेली झडप बिजागरीसकट काढून टाका, नाहीतर प्लाय चौकटीला सपाट बसत नाही.

खिडकी रुंदी आणि उंची दोन्हींत ४ फुटांहून मोठी असेल तर एका पाटात भागत नाही, पाटाची रुंदीच ४ फूट. दोन तुकडे जोडावे लागतात. जोडाच्या आतून ४ इंची उभी प्लायपट्टी पूर्ण उंचीला, आणि आडव्या वाशांची संख्या तीन. जोड तसाच सोडला तर पहार नेमकी तिथेच शिरते.

प्लाय जागेवर धरून आतल्या माणसाने चौकटीची कड पेन्सिलीने आखावी. वरचा वासा उंचीच्या चौथ्या हिश्शावर, खालचा तसाच खालून. बोल्टची भोके चौकटीच्या आतल्या कडेपासून १० ते १२ सेंटिमीटर आत. प्लाय आणि वासा एकत्र धरूनच भोक पाडा. वेगवेगळी पाडली की ती जुळत नाहीत, मग माणूस भोक मोठे करतो आणि बोल्टचे काम बिघडते. कॅरेज बोल्टच्या डोक्याखाली चौकोनी मान असते, ती लाकडात रुतल्याने बोल्ट फिरत नाही. भोक मोठे झाले किंवा प्लाय भिजून मऊ झाला की मान गरगर फिरते आणि नट आवळत नाही. १० मिमी बोल्टला १०.५ मिमीपेक्षा मोठे भोक नको, आणि बोल्ट बाहेरून हातोडीने ठोकून मान पूर्ण रुतवा.

बोल्टची लांबी अशी मोजतात: प्लाय १२, चौकट १००, वासा ५०, वॉशर आणि दोन नट २० ते २५. बेरीज १८५ च्या आसपास, म्हणून २०० मिमीचा बोल्ट. हे चौकट आतल्या भिंतीशी सपाट असेल तेव्हाचे गणित. मग वासे दोन्ही बाजूंना भिंतीवर १५ सेंटिमीटर टेकतात. जुन्या दीड-दोन फुटी भिंतींत चौकट बाहेरच्या अंगाला असते आणि आत खोल कोनाडा. तिथे वासे भिंतीवर टेकत नाहीत, चौकटीवरच टेकतात. चौकट भक्कम असेल तर चालेल. ती हलत असेल, म्हणजे होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या) सुटले असतील, तर पूर्ण भिंतीच्या जाडीची थ्रेडेड रॉड (चुड्या पाडलेली सळी) लागते: प्लाय बाहेरच्या भिंतीवर चारी बाजूंनी १० सेंटिमीटर पुढे, वासे आतल्या भिंतीवर, आणि मधून एम१० ची रॉड. रॉडच्या बाहेरच्या टोकाला नट ठेवून भागत नाही, पान्याने सुटेल. नट रॉडला वेल्ड करून त्याचे पैलू ग्राइंडरने घासून गोल करून घ्या. मातीच्या भिंतीवर वाशाखाली १० बाय १० सेंटिमीटरच्या लोखंडी चकत्या द्या, नाहीतर आवळताना वासा मातीत रुतत जातो.

आवळताना चारही नट थोडे थोडे, कर्णाने. एकच पूर्ण आवळला तर प्लाय तिरका होतो. पहिला नट बसला की त्यावर दुसरा आवळा. जास्तीची चुडी हातोडीने ठेचण्याचा मोह आवरा, महिन्याने तुम्हालाच काढायचे आहे.

प्लाय बसवण्याआधी कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात. पाणी पृष्ठभागातून कमी आणि कडेतून जास्त शिरते. वरच्या आणि बाजूच्या फटीत सिलिकॉन, खालची फट मोकळी. खालीही सिलिकॉन भरले तर आत गेलेले पाणी तिथेच साठते आणि चौकटीचा उंबरा कुजवते. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूच्या पावसात हे दोन आठवड्यांत दिसते.

दार

दारात बहुधा तीनपैकी एक बिघाड असतो: कोयंडा उचकटलेला, चौकट फाटलेली, किंवा दाराची फळीच फुटलेली.

कोयंडा उपटला गेला असेल तर तो त्याच भोकांत मोठे स्क्रू घालून परत बसवतात. हे काम दोन मिनिटांचे आणि तेवढेच निरुपयोगी. तिथले लाकूड आतून चिरडलेले असते. नवा कोयंडा ३० सेंटिमीटर वर किंवा खाली, शाबूत लाकडात घ्या. स्क्रू नकोत. एम८ चे ७५ मिमी कॅरेज बोल्ट, डोके बाहेर, आत ५ मिमी जाड लोखंडी पट्टी आणि त्यावर नट. कोयंड्याची पट्टी अशी निवडा की कुलूप लागल्यावर बोल्टची डोकी झाकली जातात. कुलपाचा दांडा १० मिमी तरी हवा, आणि कुलपाच्या अंगातून तो जितका कमी बाहेर दिसेल तितके चांगले, म्हणजे पहार घालायला फट राहत नाही.

चौकट उभी फाटली असेल तर फटीत लाकडाचा गोंद भरून क्लॅम्पने दाबा, आणि ४० बाय ५ मिमीच्या दोन पट्ट्या, एक आत एक बाहेर, फाटीच्या वर-खाली १५ सेंटिमीटर जातील अशा, आरपार बोल्टने धरा. दार त्यावर मिटते का, हे बोल्ट आवळण्याआधी पाहा. पट्टीची ५ मिमी जाडी दाराच्या वाटेत येते आणि मग संध्याकाळी सगळे उलगडावे लागते.

फळी फुटली असेल तर दार काढू नका. बाहेरून पूर्ण दारावर १८ मिमी प्लाय चढवा, आठ कॅरेज बोल्टने: दोन्ही उभ्या अंगांना चार-चार. बिजागऱ्यांवर आता वीस-पंचवीस किलो जास्त वजन आले, म्हणून प्रत्येक बिजागरीचा एक स्क्रू काढून त्या जागी ७५ मिमीचा घाला. पीव्हीसीच्या किंवा पोकळ फ्लश दाराला हे जमत नाही, बोल्ट आवळला की दार दबते. तिथे प्लाय बाहेर आणि प्लायच आत, दार मध्ये, असे सँडविच करावे लागते.

रात्री घरात माणसे असतील तर जुन्या घरांतला आडणा, म्हणजे दारामागे आडवा घालायचा दांडा, सगळ्यात खात्रीचा. ४० बाय ४० बाय ३ मिमीचा चौकोनी लोखंडी पाइप, आणि ५ मिमी पट्टीचे वाकवलेले दोन आकडे. काँक्रीट किंवा पक्क्या विटेत आकड्यांना एम१० चे अँकर फास्टनर, भिंतीच्या कडेपासून १० सेंटिमीटर आत. चिऱ्यात मात्र फुगणारा अँकर भरवशाचा नाही. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो, आवळताना भोक रुंदावते किंवा कड तडकते. तिथे रसायनाचा अँकर जाळीच्या नळीसह वापरा आणि डब्यावर लिहिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण जाऊ द्या, किंवा सरळ आरपार रॉड. चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. माती असेल तर अँकरचा विचारही नको.

काळे ड्रायवॉल स्क्रू हल्ली सगळीकडे स्वस्तात मिळतात आणि सुतारही तेच वापरतात. ते कडक पण ठिसूळ असतात. पहारीचा झटका बसला की वाकत नाहीत, टपकन तुटतात. सुरक्षेच्या कामात ते एकही नको.

बाहेर पडायला वाट

सगळ्यांना भीती बाहेरच्या माणसाची असते, म्हणून घर चारी बाजूंनी बोल्टने बंद करून आत झोपतात. रात्री आग लागली तर? घरात माणसे राहणार असतील तर निदान एक दार, आणि शक्यतो परड्याकडचे दुसरेही, आतून हाताने, पाना किंवा किल्ली न शोधता उघडले पाहिजे. आडण्याचा मोठा गुण हाच, तो बाहेरून अभेद्य आणि आतून लहान मुलालाही उचलता येतो. म्हाताऱ्या माणसांना तो एकदा दिवसा आणि एकदा दिवा घालवून उघडायला लावा.

स्वयंपाकघराची खिडकी बंद केली असेल तर वर हवेला आणि खाली जमिनीलगत पाच सेंटिमीटरची फट ठेवा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो. फटीला जाळी लावा, नाहीतर उंदीर येतात.

कौले

मंगळुरी कौले उचलून आत उतरणे ही इथली जुनी युक्ती. छपरावर चढताना कौलावर पाय देऊ नका, वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरून सरका. फुटलेली कौले बदलायला एका चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. जुन्या कौलांचे माप आणि नव्यांचे माप जुळत नाही, खाचा बसत नाहीत आणि पाऊस आत येतो. म्हणून शाबूत जुनी कौले मागच्या उताराकडून काढून दर्शनी भोकात बसवा आणि नवी सगळी एकाच ठिकाणी, एका पट्ट्यात घाला.

नुसती कौले बसवून रात्री ती पुन्हा उचलली जाणारच. आतून वाशांच्या खालच्या अंगाला वेल्डमेश ठोका: ५० मिमी चौकोन, ३ मिमी तार, प्रत्येक वाशाला दर १५ सेंटिमीटरला यू-खिळा. दोन जाळ्यांचा जोड एका चौकोनाने एकमेकांवर. ज्या कौलांना तारेचे भोक आहे ती १८ गेजच्या जीआय तारेने रिपेला (कौलांखालच्या आडव्या पट्टीला) बांधा. शेजारच्या घराची भिंत, नारळाचे झाड किंवा पाण्याची टाकी जिथून छप्पर गाठता येते, त्या पट्ट्यात तरी हे कराच.

शटर

दुकानाचे शटर मध्ये जॅक किंवा पहार घालून वर वाकवतात, दोन्ही बाजूंची कुलपे शाबूत राहतात आणि पट्ट्या गाईडमधून निघतात. वाकलेले शटर वर गुंडाळू नका, अडकून बसेल आणि मग खालीही येणार नाही. पट्ट्या लाकडाचा ठोकळा मागे धरून हातोडीने सरळ करून गाईडमध्ये घाला. त्यानंतर बाहेरून, जमिनीपासून २० सेंटिमीटरवर, ५० बाय ५० बाय ५ मिमीचा अँगल आडवा. दोन्ही गाईडना कडी वेल्ड करून अँगल त्यांत अडकवा आणि दोन्ही टोकांना कुलूप. तीन मीटरपेक्षा रुंद शटरला मध्ये जमिनीत कडी हवीच, काँक्रीटमध्ये किमान १५ सेंटिमीटर खोल, टोक वाकवलेली.

शहापूर, वडगाव, खासबाग भागात शटरच्या मागे माग आणि सुताचे गठ्ठे असतात. वेल्डिंगची ठिणगी कापसाच्या भुऱ्यात पडली तर लगेच दिसत नाही, तासाभराने धूर येतो. आतला माल निदान दहा मीटर दूर हलवा, खालची जमीन ओली करा, पाण्याची बादली जवळ ठेवा आणि काम संपल्यावर तासभर कुणीतरी तिथे थांबा. तंबाखूच्या वखारीलाही हेच. माल हलवणे शक्यच नसेल तर वेल्डिंग सोडा, कड्या आरपार बोल्टने बसवा.

पुढचे काही आठवडे

प्लाय पावसात फुगतो, उन्हात आकसतो, आणि नट सैल होतात. पहिल्या आठवड्यात दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा पाना लावा. बाहेरच्या बोल्टच्या डोक्यांभोवती ओरखडे दिसले तर कुणीतरी हात घालून पाहिले आहे, फोटो काढून ठाण्यात कळवा.

प्लाय भिंतीच्या रंगाने रंगवून टाका. कोरा पिवळा प्लाय रस्त्यावरून ओरडून सांगतो की इथे घर फुटले आणि बहुधा माणूस नाही. याच कारणाने ‘आम्ही चार दिवस गावाला’ छाप मजकूर आणि फुटलेल्या दाराचे फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका. समोरच्या घरातल्या काका-काकूंना मात्र समक्ष जाऊन सांगा, किल्ली द्या आणि संध्याकाळी सोप्यातला दिवा लावायला सांगा. घर महिनोन् महिने बंद राहणार असेल तर विम्याचा कागद काढून पाहा. बऱ्याच पॉलिसींत घर सलग ठरावीक दिवस रिकामे राहिले तर चोरीची भरपाई मिळत नाही, अशी अट असते. प्लाय, बोल्ट, वेल्डिंग यांची पक्की बिले घ्या, आणि घराची आणखी हानी टाळण्यासाठी केलेला खर्च म्हणून दाव्यासोबत जोडा. मिळेल की नाही हे पॉलिसीवर आहे, पण बिलाशिवाय विचारताही येत नाही.

नवे ग्रिल किंवा दार तयार होऊन प्रत्यक्ष आवारात येईपर्यंत फळी काढू नका, ‘उद्या नक्की’ या शब्दावर तर नाहीच. काढताना आधी खालचे दोन नट सोडा, मग बाहेर दोन माणसांनी प्लाय धरल्यावरच वरचे. उलट केले तर पूर्ण पाट वरून बाहेर कोसळतो. चौकटीतली भोके लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भरा, भिंतीतली रॉडची भोके दोन्ही बाजूंनी सिमेंटने. मातीच्या भिंतीत सिमेंट धरत नाही, तिथे चुन्यात कालवलेली माती ठासून भरा. प्लाय आणि बोल्ट माळ्यावर ठेवा, प्लाय सपाट आडवा. भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर त्याला बाक येतो.